नाही म्हणणारा वैदू

मोहर्लीच्या थांब्याजवळ एक वैदू कावीळ झालेल्यांना झाडाची साल द्यायचा. माझं यकृत खराब झालं होतं. खिशात मूलपेशींच्या इंजेक्शनने नवं यकृत देणाऱ्या दवाखान्याचं गुळगुळीत पत्रक होतं. तरी सालही घ्यावी म्हटलं.

त्याने माझ्या सुजल्या पायावर अंगठा दाबला, पडलेला खळगा भरेपर्यंत पाहिलं आणि साल परत पिशवीत ठेवली.

"हे माह्यानं नाई होत, भाऊ."

मी पत्रक दाखवलं.

"थे कोनाले नाई म्हनते का? विचारून पाहा."

मी त्या दवाखान्याला फोन केला. "आम्ही कोणालाच परत पाठवत नाही," अभिमानाने उत्तर आलं.

न तपासताच हो म्हणणाऱ्यांपेक्षा वैदूचं 'नाही' मला खरं वाटलं. मग मी सरकारी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "मूलपेशींच्या चाचण्या अजून चालू आहेत. सध्या गोळ्या घ्या, मीठ कमी करा."

सूज उतरली. मूलपेशींची वाट मी अजून पाहतोय. वाट पाहायला उरलो, ते त्या वैदूमुळे.