झरीच्या शाळेची साठ मापं

मी चौथीपर्यंत शिकले. पुढे शिलाई शिकले आणि पन्नास वर्षं परभणीत लोकांचे कपडे शिवले. शाळेचे गणवेश हा आमचा मुख्य धंदा. आता दुकान सून चालवते, हाताखाली चार बाया आहेत. मापं मात्र परवापर्यंत माझ्याच वह्यांत होती.

मी इंचात फार लिहीत नसे. शाळेत एकाच घरची दोन-तीन पोरं असतात. थोरल्याचं माप नीट घेतलं की धाकट्यापुढं ‘थोरल्याचं, चार बोटं कमी’ एवढं लिहून भागायचं. मोतीबिंदूनं माझे डोळे अंधुक झाले तेव्हा सून वही वाचायला बसली आणि पहिल्याच पानावर अडली.

“आत्याबाई, चार बोटं कोणाची? तुमची का माझी?”

“माझी. वही माझी हाय.”

तिनं माझा हात धरून त्याला टेप लावली. तीन इंच भरले. तिची बोटं अडीचच. मला राग आला, पण मी मेल्यावर त्या वह्या रद्दीतच गेल्या असत्या, हेही कळलं.

त्याच वर्षी, उन्हाळ्याआधी, सुनेनं झरीच्या एका शाळेचं काम आणलं होतं. साठ पोरांचे शर्ट-पँट, शाळा उघडेल त्या दिवशी अंगावर पाहिजेत. तोवरचं सगळं काम माझ्या ओळखीवर आलेलं. हे पहिलं तिनं स्वतः बोलून मिळवलेलं. दुकान सासूच्या जिवावर चाललंय असं गल्लीत बोलायचे. मीही दोनदा बोलले होते. काम वेळेवर गेलं नाही तर पुढच्या वर्षी तयार कपडे मागवू, असं मुख्याध्यापकांनी तिला तोंडावर सांगितलं होतं.

मापं कॉम्प्युटरवर घ्यायची ठरलं. माझी नात, म्हणजे सुनेची पोरगी, कॉम्प्युटरचंच शिकलेली. ती म्हणाली, आपण क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं मिळणाऱ्या दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ठेवू, दुकानातला कॉम्प्युटर जळाला तरी मापं दुसरीकडं शाबूत राहतील. त्याचे तीन प्रकार तिनं सांगितले. मी ते माझ्या भाषेत लावून घेतले.

पहिला प्रकार म्हणजे रिकामा गाळा भाड्यानं घेणं. जागा आणि वीज मालकाची. आत मशीन मांडायचं, तेल घालायचं, कुलूप लावायचं, सगळं आपण. दुसऱ्यात मशीन मांडलेली असते, दुरुस्तीवालाही त्यांचाच, आपण फक्त आपलं शिवायचं. तिसरा म्हणजे शिवलेला कपडा, अंगात घातला की झालं. दुसऱ्या शिंप्यांसाठी केलेला तयार प्रोग्राम असतो, त्यात आपली मापं भरायची.

“तयार प्रोग्रामात थोरल्या-धाकट्याचं लिहिता येतं का?” मी विचारलं.

“न्हाई आज्जी. छाती, कंबर, लांबी. आकडेच टाकायचे. शेरा लिहायला एक रकाना हाय.”

“मग कशाला पायजे? पयला घे. सगळं आपलं असलं म्हंजे कुणाच्या तोंडाकडं बघायचं काम न्हाई.”

सून म्हणाली, “आत्याबाई, त्याची देखभाल कोण करंल?”

“तुझी लेक हाय की.”

चूक माझी होती. नातीला तर स्वतःचं काही बनवून दाखवायचंच होतं. तिनं पंधरा दिवसांत प्रोग्राम लिहून भाड्याच्या कॉम्प्युटरवर बसवला. सुनेनं झरीला जाऊन साठही पोरांची मापं घेऊन सरळ मोबाईलवरून त्या प्रोग्रामात भरली. कागदावर काहीच नाही. वर तिनं एक केलं. प्रत्येक पोराचे पुढून, मागून, बाजूनं फोटो काढून घातले. माझ्या जुन्या वह्यांच्या पानांचेही घातले.

नातीला पुण्यात नोकरी लागली. ती प्रशिक्षणाला गेली, तिथं दिवसभर मोबाईल जमा करून घ्यायचे. ती गेल्यावर चौथ्या दिवशी, कापड कटिंगच्या टेबलावर पसरलेलं असताना, प्रोग्राम बंद पडला. संध्याकाळी नातीला फोन लागला. भाड्यानं घेतलेली जागा फोटोंनी भरून गेली होती. तिच्याजवळ लॅपटॉप नव्हता. सुट्टी मिळून ती यायला सहा दिवस लागणार होते.

“मालकाला सांग ना जागा साफ करायला,” मी म्हणाले.

“ते आतलं बघत न्हाईत आज्जी. आपणच तसं घेतलंय.”

सहा दिवस थांबलं तर कपडे वेळेवर झाले नसते. सून टेप आणि वही घेऊन सकाळच्या एसटीनं परत झरीला गेली. उन्हाळ्याची सुट्टी होती. बावीस पोरं मामाच्या गावाला गेलेली. तिनं त्यांच्या घरोघर जाऊन जुने शर्ट-पँट मागून आणले, त्यावरून माप धरलं आणि शिवणीच्या आत जास्त कापडाचा दाब सोडला, म्हणजे कमी पडलं तर उसवून वाढवता येईल. दोन दिवस उन्हात फिरली. मी घरात बसून होते.

नात आली तोवर कटिंग झालं होतं. तिनं तासाभरात जागा मोकळी केली. मापं जशीच्या तशी होती. ती म्हणाली, “आता दुसरा प्रकार घेऊ. जागा, बॅकअप सगळं ते बघतील. प्रोग्राम तेवढा माझा.”

“अन् प्रोग्राम बिघडला तर?” सुनेनं विचारलं.

“मी हाय ना, मम्मी.”

“तू न्हवतीसच की.”

पोरगी रडवेली झाली. सुनेनं तिला जवळ घेतलं नाही, चहा दिला. मग म्हणाली, “प्रोग्राम चांगला हाय बाई. पण तुझी नोकरी सोडून तू किती दिवस दुकानाचं बघशील? तयार घेते. आकडे तर आकडे.”

मी मधेच म्हणाले, “सोडायचं झालं तर आपली मापं परत देतात का, आदी विचार.”

“विचारलंय आत्याबाई. यादी उतरून घेता येते. महिन्याला एक घेऊन ठेवणार हाय.”

मला न विचारता तिनं दोन तयार प्रोग्राम लावूनही पाहिले होते. एकात मराठी नीट दिसत नव्हतं, म्हणून दुसरा धरला. शेऱ्याच्या रकान्यात ती दाब किती सोडला ते लिहिते.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी साठही जोड झरीला पोचले. बोलावलेल्या पोरांनी घालून बघितले तेव्हा पाच पँट कमरेत घट्ट झाल्या. त्या तिनं तिथंच शाळेच्या ओट्यावर बसून उसवून सैल केल्या. मुख्याध्यापकांनी तिथूनच दुकानात फोन केला. मी उचलला. दुकानाची मालकीण अजून मीच, असं त्यांना वाटत होतं. “मालकीणबाई हायत का?” मी म्हणाले, “त्या तुमच्याच शाळेत बसल्यात, ओट्यावर बघा,” आणि फोन ठेवला.