ठकीने जवळचं कॉलेज घेतलं
माझी भाची महाहट्टी. घरात आम्ही तिला ठकीच म्हणतो, मग ती फिजिक्समध्ये पहिली का येईना! पुढे मेडिकल फिजिक्स करायचं ठरलं आणि दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक कॉलेज लांब, विमानाने जायचं. तिथे नव्या मशीनवर संशोधन, आणि तिथल्या प्राध्यापक बाईंनी स्वतः फोन करून बोलावलेलं. दुसरं इथलंच, हॉस्पिटलला जोडलेलं. डोळे मिटून लांबचं घ्यावं, यात विचार कसला करायचा?

पण तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या ताईच्या, गळ्यातली गाठ कॅन्सरची निघाली होती. औषधं चालू होती, पुढे किरणं द्यायची होती, याच हॉस्पिटलात.

"लांबचंच घे," ताई म्हणायची. "माझ्या उशाशी बसून तू काय दिवे लावणार आहेस?"

ठकी आईला म्हणाली, इथे शिकवतात चांगलं. खरं कारण तिने मला सांगितलं, भांडी विसळताना. किरणं देण्याआधी कॉम्प्युटरवर आखणी करतात, गाठीवर किती पाडायची, घसा कसा वाचवायचा, मणका कसा चुकवायचा. त्याला प्लॅन म्हणतात आणि तो मेडिकल फिजिक्सवाले करतात. "आईचा प्लॅन मी करणार, मावशी. परक्याच्या हाती कशाला द्यायचा?"

"अगं बाई, पण तिथे कुणाला विचारलंस का?"

एवढी हुशार पोर, पण विचारलं नव्हतं. लांबच्या बाईंना नकार कळवून मोकळी झाली होती.

पहिल्याच दिवशी विभागातल्या सरांनी सांगितलं, पहिलं वर्षभर पेशंटच्या प्लॅनला हात लावायचा नाही. आणि नात्यातल्या माणसाच्या तर कधीच नाही, कितीही मोठे झालात तरी. आपलं माणूस समोर असलं की आकडे खरे दिसत नाहीत म्हणे. ठकीच्या वाट्याला आली पाण्याची टाकी. माणसाच्या जागी पाणी ठेवायचं आणि आत किती खोल किती किरणं पोचतात ते मोजायचं. माझ्या जिभेला कुठे हाड आहे! म्हटलं, "पाणीच मोजायचं होतं तर घरी बादल्या काय कमी होत्या?" ती हसली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लांबची जागा तोवर दुसऱ्या कुणाला गेली होती.

"आईला सांगू नकोस," एवढंच म्हणाली.

ताईची किरणं सुरू झाली. तोंडावर जाळीचा मुखवटा बसवून तिला टेबलाला जखडायचे, हलायचं म्हणून नाही. पण बाहेर वेटिंग रूममध्ये बघावी तर तिची ऐट! लेक त्याच विभागात, म्हणजे आपला प्लॅन तिनेच केला, असं तिने आपलं आपणच धरून टाकलं होतं. आवाज पार बसलेला, तरी शेजारणीला सांगायची, "माझा प्लॅन माझ्या लेकीने केलाय हो." कुणी "नशीबवान आहात" म्हटलं की मान ताठ. टाकीची खोली पलीकडेच होती. ठकीला सगळं ऐकू यायचं.

गाठ हटली नाही. प्लॅन उत्तम होता, सर म्हणाले, पण काही गाठी ऐकत नाहीत. मला इतका राग आला, सरांचा, मशीनचा, ठकीचासुद्धा. काय मिळवलंस गं इथे राहून, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

शेवटच्या दिवसांत ताईला घरी आणलं. एका दुपारी मी पाय चेपत होते. ताईने ठकीचा हात धरला. शब्द जेमतेम फुटत होता.

"तुझा हिशेब चुकला असं मनाला लावून घेऊ नकोस. मी त्या टेबलावर निर्धास्त पडायचे. माझ्या लेकीचं काम आहे म्हणून."

ठकीने माझ्याकडे पाहिलं. तो हिशेब तिचा नव्हताच. पण ते सांगायचं म्हणजे ताईचं उरलंसुरलं सुख हातातून काढून घ्यायचं. मी तोंडात रुमाल कोंबला. काळीज फाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

"चुकलंच गं आई माझं," ठकी म्हणाली.

ताईने तिच्या गालावरून हात फिरवला. "असू दे. पुढच्या बाईचा नीट कर."