पाण्याची खोली : गुडघाभर

माझं सगळं कुटुंब एकदा सरकारी अनुदानावर बुडायला निघालं होतं, आणि त्या अनुदानाच्या फाइलवर सही माझीच होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही कांदिवलीला राहायचो. खेड्यापाड्यांत सहलीची ठिकाणं उभी करायला सरकार अनुदान देई, त्या टेबलावर मी कारकून होतो. बोरिवलीच्या खाडीपलीकडच्या एका गावाने तळ्यात होडी ठेवायला अर्ज केला. जागा पाहून अहवाल मी द्यायचा होता. पण बाहेर ऊन मी म्हणत होतं. मग मी पंख्याखाली बसूनच तळं पाहिलं! 'पाण्याची खोली : गुडघाभर. धोका : नाही,' असं लिहून मोकळा झालो. (कमरेच्या वर पाणी लिहिलं की जीवरक्षकाची वेगळी फाइल काढावी लागे. ती कोण काढणार?)

होडी आली. उद्घाटनाला आमचे मोठे साहेब यायचे ठरले आणि सरपंचांचा निरोप आला, "होडी आहे, तळं आहे, पर्यटक तेवढे नाहीत."

म्हणून रविवारी पर्यटक हजर झाले : मी, बायको सुमती, सहा वर्षांची पिंकी आणि गिरणीतून निवृत्त झालेले माझे वडील, तात्या. तात्या मूळचे मालवणचे, पण समुद्राला लांबूनच नमस्कार करणारे. पोहायला चौघांपैकी कुणालाच येत नव्हतं.

होडी पायाने चालवायची होती. साहेबांनी फीत कापली, काठावर बँड सुरू झाला, आम्ही हात हलवत निघालो. बरोबर तळ्याच्या मध्यावर कट्ट असा आवाज होऊन साखळी निसटली. आता पाय गरागरा फिरत होते आणि होडी जागची हलत नव्हती.

"अहो, पाणी किती खोल आहे?" सुमतीने विचारलं.

मी खाली पाहिलं. चहासारखं गढूळ पाणी. तळाचा पत्ता नाही.

"गुडघाभर."

"कोण म्हणतं?"

"अहवालात आहे ना!"

"तो कुणी लिहिला?"

मी पुन्हा जोरजोरात पाय मारायला लागलो.

"म्हणजे तुम्ही! न बघता! अहो, वाट लागली आपली!"

माझे अहवाल कसे असतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ज्या अर्थी मी गुडघाभर लिहिलं, त्या अर्थी इथे दोन पुरुष पाणी नक्की! पिंकीने माझा शर्ट मुठीत धरला. "बाबा, आपण बुडणार का?" खरं सांगतो, तेवढा मी आयुष्यात घाबरलो नव्हतो. माझ्या एका ओळीच्या आळसापायी ही पोर जाणार, एवढंच डोक्यात घुमत होतं.

काठावर सरपंच काहीतरी ओरडत होते, पण बँडपुढे काही ऐकू येईना. शेवटी ते दोन्ही हातांनी आपले गुडघे बडवायला लागले.

"बघा, ते तर आत्ताच ऊर बडवायला लागले!" सुमती म्हणाली. (इतक्या लांबून ऊर काय आणि गुडघे काय!)

आता तात्यांनी सूत्रं हातात घेतली. कोकणी माणूस संकटात देवाला गाऱ्हाणं घालतो आणि बाकीच्यांनी हुंकार द्यायचा असतो.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही बसल्या बसल्या पुटपुटलो.

तात्या भडकले. "गाऱ्हाणां बसान घालतत काय रे? उभे ऱ्हवा सगळे!"

"तात्या, होडी कलंडेल!"

"देवापेक्षा तुका होडयेची काळजी? उठ!"

वडिलांपुढे माझं कधी चाललंय? चौघेही हात जोडून उभे राहिलो.

"ह्या लेकराबाळांका काठाक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!"

आणि होडी उलटली. मी डोळे घट्ट मिटले, पिंकीला दोन्ही हातांनी वर धरलं आणि शेवटचा श्वास घेतला. मग दुसरा घेतला. तिसराही मिळाला!

"बाबा, उठा ना," वरून पिंकी म्हणाली. "सगळे हसतायत."

डोळे उघडले. मी चिखलात फतकल मारून बसलो होतो. शेजारी सुमती आणि तात्या उभे होते, आणि पाणी त्यांच्या गुडघ्यांना लागलं होतं.

काठावर साहेबांनी माझी पाठ थोपटली. "वा! जागेवर जाऊन मोजल्याशिवाय इतकं अचूक लिहिताच येत नाही!"

उभ्या नोकरीत माझा तेवढा एकच अहवाल खरा निघाला, आणि सबंध खात्यात त्यावर विश्वास न ठेवणारा मी एकटाच होतो!