सारवलेल्या जमिनीवरचं ऊन

गुरुवार, १९ मे १९८३. मागितलेली रक्कम एक हजार पासष्ट रुपये. हजर: मी, माझी आई, शेजारचे दादा आणि विमा कंपनीनं नुकसान बघायला पाठवलेले साहेब. जागा: ईट गावातलं आमचं दोन खोल्यांचं घर.

मी तेव्हा गावच्या सहकारी सोसायटीचा सचिव होतो. घर कर्जातून बांधलेलं, आणि कर्जाबरोबर विमा घ्यावाच लागे. दरसाल विम्याचे पैसे कापले गेले की आई म्हणायची, "पडलं न्हाय, जळलं न्हाय, मग पैसे कशाचे देतोस?" त्या मेच्या सुरुवातीला एका संध्याकाळी वादळ आलं आणि छपराचे नऊ पत्रे उडाले. सात रानात सापडले, वाकलेले, भोकं पडलेले. दोन सापडलेच नाहीत.

त्याच आठवड्यात सास्तूरला, बायकोच्या माहेरी, आम्हाला मुलगी झाली. सासऱ्यांचा निरोप आला की छप्पर नीट झाल्याशिवाय लेकीला आणि नातीला पाठवणार नाही. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. मोडलेल्यांच्या जागी नवे वासे आणि खिळे आणून ठेवण्यात माझे एकशे ऐंशी रुपये आधीच गेले होते. पत्र्यांचे पैसे विम्यातून आले, तरच मुलगी पावसाळ्याआधी घरी येणार होती.

कंपनीचं पत्र आलं, त्यात साहेबांच्या येण्याचा दिवस होता. साहेब गुरुवारी आपल्याकडं येणार, असं मी आईला सांगितलं आणि बुधवारी ऑडिटसाठी भूमला गेलो.

संध्याकाळी एसटीतून उतरून घरी येतो तो छप्पर जागेवर. नवे वासे चढवलेले, वाकडे पत्रे ठोकून सरळ केलेले, वर धोंडे ठेवलेले. भिंतीला चुना, जमीन शेणानं सारवलेली, दाराशी रांगोळी. आई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती.

"हे कुणी केलं?"

"दादानं. गल्लीतली दोघं होती हाताखाली." आईनं मान वर केली नाही. "सायेब पहिल्यांदा घरी यायलाय. उघड्या घरात बसवू व्हय त्याला? डोक्यावर ऊन घेऊन च्या प्यावा का त्यानं?"

मी ओट्यावर टेकलो. विम्याचे कागद मी पाठ केले होते. साहेब बघेपर्यंत काही हलवायचं नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. तेवढ्यात दादा आले. बहात्तरच्या दुष्काळात आई आणि ते एकाच तलावाच्या कामावर होते. आई खडी फोडायची, दादा मातीच्या पाट्या उचलायचे. भाकरी एका सावलीत बसून खायचे. तेव्हापासून ती त्यांना लेकच मानायची.

माझं ऐकून घेतल्यावर दादा म्हणाले, "एवढंच ना? सकाळी काढून टाकू. लावायला दिवस गेला, काढायला तास न्हाय लागायचा."

"नको," मी म्हणालो. "वाऱ्यानं नेलं ते नुकसान. आपण काढलं तर ते नाटक होईल."

"सचिवसाहेब, तुमचं म्हणजे लई अवघड हाय," असं म्हणून ते हसले. पण पत्र्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब आले. धाराशिवहून आलेले, पन्नाशीचे, धुळीनं भरलेले. त्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला आणि वर बघितलं.

"नुकसान कुठंय?"

"झालं होतं साहेब," आई म्हणाली. "आता न्हाय. सगळं नीट केलंय."

दादांनी कपाळावर हात मारून घेतला. "मावशी, तुम्ही कंपनीच्या बाजूनं हायत का?"

मी घडलेलं सगळं सांगितलं. साहेब ऐकत होते, पण हातातलं पेन उघडत नव्हते. उडालेले पत्रे लावून झालेले आणि अर्ज एक हजार पासष्टचा. त्यांच्या जागी मी असतो तर मीही उघडलं नसतं. मला सास्तूरचा पाळणा दिसू लागला.

आईला वाटलं, साहेबाला पोहे आवडले नाहीत. ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "तसं बरं हाय आता. जरा दुपारचं जेवाय बसलं की ताटात ऊन पडतं, तेवढंच. ताट सरकवायचं."

साहेब उठले. त्यांनी दार लावलं, मग खिडकी लावली. खोलीत अंधार झाला, आणि सारवलेल्या काळ्या जमिनीवर उन्हाचे ठिपके उमटले. खिळ्यांची जुनी भोकं, फाटलेल्या कडा, तडे, सगळं जमिनीवर उतरलं होतं. आदल्या दिवशी सारवलं नसतं तर इतकं लख्ख दिसलं नसतं. साहेब पाय जपून टाकत भिंतीपर्यंत गेले.

"इथं मात्र काहीच नाही," ते म्हणाले. "हे दोन पत्रे चांगले आहेत."

"ते आमचे," अंधारातून दादा म्हणाले. "गोठ्यावरचे. सापडले न्हाईत त्यांच्या जागी घातलेत."

"मग तुमच्या गोठ्यावर काय?"

"म्हैस लिंबाखाली बांधलीय. तिची काय तक्रार न्हाय."

हे मलाही तेव्हाच कळलं.

दार उघडून साहेबांनी पेन काढलं. नऊ पत्रे मान्य. वासे आणि खिळे मान्य. "मजुरी एकशे वीस लिहिलीय. कुणाला दिली?"

मी दादांकडं बघितलं. ते बाहेर बघत होते. "ती अंदाजानं धरली होती," मी म्हणालो. "अजून कुणी घेतलेली नाही. खोडा." त्यांनी खोडली. उरलेल्या नऊशे पंचेचाळीसांतून सामान जुनं म्हणून पाचवा हिस्सा वजा केला. जाताना आईला म्हणाले, "आजी, पुढच्या वेळी घर आवरू नका."

"पुढच्या वेळी मुक्कामाला या," आई म्हणाली.

जूनमध्ये सातशे छप्पन्न रुपयांचा चेक आला. पाऊस अजून यायचा होता. भूमच्या दुकानदाराला नऊ पत्र्यांचे सातशे पासष्ट दिले, वरचे नऊ माझ्या खिशातले. दादांचे दोन पत्रे त्यांच्या गोठ्यावर परत गेले. नवे पत्रेही त्यांनीच बसवले. मी मजुरीचे पैसे पुढं केले तर त्यांनी हात मागं बांधले. "ठेव ते आत," आई मला म्हणाली. "त्याला पैसे दाखवलेस तर घरात यायचा न्हाय."

पुढच्या रविवारी बायको मुलीला घेऊन आली. संध्याकाळी दादा आले. आधी छपराकडं बघितलं, मग आईच्या मांडीवर वाकले आणि बाळाची मूठ उघडून त्यात पैसे ठेवले. एवढी वर्षं झाली, पण त्या घराच्या हिशेबातली ही शेवटची रक्कम मी कधी विसरलो नाही: अकरा रुपये, दादांकडून, माझ्या मुलीला.