पदरातले फ्यूज

दुष्काळाच्या आधीची गोष्ट. काष्टीच्या अलीकडं आमचं शेत. विहिरीवर विजेची मोटार होती, पण लाईट कधी येईल, कधी जाईल, नेम नसायचा. मोटार आत खाली बसवलेली, तिथवर ट्रॅक्टरचा पट्टा पोचत नव्हता. म्हणून तंबूच्या सिनेमावाल्याकडून जुना जनरेटर घेतला. त्याचं इंजिन बसलेलं, बाकी धड होता. ट्रॅक्टरच्या पुलीवर पट्टा चढवून तो फिरवायचा आणि त्याच्या वायरी मोटारीच्या स्टार्टरला जोडायच्या. लोक विचारायचे, "आज पाणी हाय का पिक्चर?"

जनरेटर जोडायच्या आधी खांबावरून येणारी लाईन तोडावी लागते. नाहीतर आपली वीज उलटी तारेत जाते आणि वर चढलेला वायरमन मरतो. मला घाई फार, हे बायकोला ठाऊक. तिनं ते काम माझ्याकडं ठेवलंच नाही. चिनीमातीचे तिन्ही फ्यूज स्वतः काढायची, पदराच्या गाठीत बांधायची, मगच म्हणायची, "करा चालू."

एकदा गहू चिकात आलेला. हे पाणी चुकलं तर दाणा पोचट. सकाळी लाईट गेली, जनरेटर लावला, आणि ती वांगी घेऊन बाजाराला गेली. दुपारी डिझेल संपलं. तेवढ्यात लाईट आली. शेजाऱ्याची मोटार सुरू झाली. आमचे फ्यूज बाजारात.

सायकल हाणली. ती वांग्यांच्या ढिगापाशी बसलेली.

"फ्यूज दे."

"जनरेटरच्या वायरी सोडल्या का?"

"जाऊन सोडतो की."

"मग मी बी येते."

"अगं, तवर लाईट जाईल. गहू हातचा जाईल."

"जाऊ द्या. घाईत वायरी तशाच ठेवून पुन्हा जनरेटर लावाल. खांबावर चढतो त्यालाबी घरी बायको हाय."

शेजारची भाजीवाली म्हणाली, "न्या दाजी, फ्यूजसकट न्या. वांगी मी बघते."

कॅरिअरवर बसवून आणली. तिनं आधी वायरी सोडवल्या, मग गाठ सोडली. वरचे वाफे भिजले आणि पुन्हा लाईट गेली. खालचा गहू पोचटच निघाला, कोंबड्यांना घातला. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिनं मनावर घेतलं नाही.

ती जाऊन आता दुसरा पावसाळा. लाईट अजून जातेच. पोरानं नवा स्विच बसवलाय, तो एका वेळी एकच लाईन जोडतो; फ्यूज काढायची गरज न्हाई म्हणतो. मी तरी काढतो. बंडीच्या खिशात ठेवतो आणि पडले का म्हणून सारखा चाचपत बसतो. पदराच्या गाठीला ती भीती नव्हती.