ल्युसिनसमोरची खूण

मिडियाकाकूंच्या हाताचं त्या प्रयोगशाळेत इतकं कौतुक, की त्यांची चूक होईल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. अठ्ठावीस वर्षं त्या काचेच्या बशीत वाढणाऱ्या पेशींचं खाद्य, तिथल्या बोलीत मिडिया, बनवत होत्या. पेशींना कसली आलीय चव, असं म्हणाल. पण एक जिन्नस राहिला तर त्या उपाशी मरतात, काकूंच्या नवऱ्यासारख्या नुसतं तोंड वाकडं करून गप्प बसत नाहीत.

त्या सोमवारी प्रयोगशाळेचे प्रमुख सर पीएचडी करणाऱ्या पोरीवर उखडले. तिचं काम रोगाशी लढणाऱ्या पेशींवर. अशी पेशी जागी झाली, की अंगावर जास्तीची दारं उघडते आणि त्यातून ल्युसिन, म्हणजे प्रथिनं बांधायला लागणारं एक अमिनो आम्ल, आत ओढते. ते तिला स्वतः बनवता येत नाही आणि त्याशिवाय वाढताही येत नाही. पोरीच्या पेशी जाग्या झाल्या, दारंही उघडली, पण एकीच्या दोन काही होईनात. तीनदा केलं, तीनदा तेच.

"तुला हातच नाही. महिनाअखेर जागा सोड," सर म्हणाले.

पोरगी टेबल आवरायला लागली. बाटल्या धुता धुता काकूंच्या मनात आलं. दारं उघडी, मग आत यायलाच काही नसेल तर? बरणी कपाटातून काढली की काकू यादीवर खूण करत, वजन मागाहून. पोरीनं तिन्ही वेळा वापरलेली खेप बनवली, त्या दिवशी ल्युसिनची बरणी काढली आणि लेकीचा फोन आला. परत येऊन त्यांनी खूण पाहिली आणि पुढची बरणी उचलली.

प्रत्येक खेपेचं थोडं खाद्य काकू फ्रिजच्या तळाला राखून ठेवत. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मोरीत ओतलं असतं तर विषय संपला असता. काकूंनी त्या खेपेचं खाद्य दोन बशांत घेतलं, दोन्हीत ताज्या पेशी सोडल्या आणि एकीत चिमूटभर ल्युसिन घातलं. पेशी वाढल्या की लाल खाद्य पिवळं पडतं. तिसऱ्या दिवशी ल्युसिनची बशी पिवळी झाली, दुसरी होती तशी लाल राहिली.

दोन्ही बशा त्यांनी सरांपुढे ठेवल्या. "हात माझा चुकला, सर. पोरीला बोललात ते मागं घ्या."

सरांनी मागं घेतलं. मग म्हणाले, "यापुढे खाद्य तयारच मागवू."

काकू मान हलवून बाहेर आल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळेना.

दुसऱ्या दिवशी पोरगी यादी आणि पेन्सिल घेऊन त्यांच्या तराजूशी उभी राहिली. "खाद्य इथंच बनेल, सरांना सांगून आलेय, काकू. वजन तुम्ही करा, खूण मी करते."

काकूंनी चष्मा पुसला आणि सगळ्यात आधी ल्युसिनची बरणी काढली.