मेहमुदाभाबीची उलटी कॉइल

“मोटारच हाय की ही, भाऊ. फिरत न्हाई एवढंच. तांब्याची तार हाय, मॅगनेट हाय, लोखंड हाय. मंग मला काय येगळं वाटायचंय त्यात?”

“तसं न्हाई, भाबी. पुण्यात तीन दुकानं हिंडलो. तिघंबी म्हणले, जुनं टाकून द्या, नवं बशिवतो. नवं बशिवलं की आवाजबी नवा यील. मला माझाच पायजे. पुढच्या रविवारी अपेक्षाची हळद हाय.”

मेहमुदाभाबीनं यातलं निम्मंच ऐकलं असणार. कारण तोवर तिनं गिटार मांडीवर घेऊन तिच्या तारा ढिल्या केल्या होत्या, आणि पुढचं पांढरं प्लास्टिकचं पान काढायला पेचकस लावला होता. एखादी वस्तू उघडायला मिळाली की भाबीचे कान बंद होतात, हे सोमाटण्यात सगळ्यांना माहीत आहे.

गिटारवाला बजरंग जवळच्या इंदुरी गावचा. वय साठीच्या आसपास, शेती दीड एकर, आणि तीस वर्षं बँजो पार्टीत गिटार. गिटार शिकला कुठं, तर लोणावळ्याला तुंगार्लीच्या एका बंगल्यात. तिथं तो माळी होता. मालकाच्या पोरानं दोन तारा तुटलेली गिटार अडगळीत टाकली ती यानं मागून घेतली, आणि दुपारी गुलाबांना पाणी घालून झालं की उरलेल्या चार तारांवर बोटं आपटत बसायचा. शिकवायला कुणी नव्हतं. त्यामुळे चुकतंय हे सांगायलाही कुणी नव्हतं. पुढं सहा तारा झाल्या, गावची पार्टी झाली, आणि मावळात हळद म्हटलं की बजरंगची गिटार हे ठरून गेलं. तिचा आवाज बारीक, नाकातला, सर्दी झालेल्या सनईसारखा. पण ढोल-ताशाच्या डोक्यावरून नदीपलीकडं ऐकू जायचा. लोक घरात हातपाय धूत असले तरी म्हणायचे, बजरंग आला वाटतं.

त्या गिटारीतला एक पिकप मुका झाला होता. पिकप म्हणजे तारांच्या खाली बसवलेली बारीक तारेची कॉइल. वरची तार हलली की हिच्यात करंट निघतो आणि तो मशिनमधून, म्हणजे अँप्लिफायरमधून, आवाज होऊन बाहेर येतो. बजरंगच्या गिटारीला अशा दोन होत्या. एक मानेकडं, एक बुडाकडं. शेजारी एक तीन जागांचं स्विच. वर केलं की मानेकडची वाजते, खाली केलं की बुडाकडची, मध्ये ठेवलं की दोन्ही एकदम. बजरंगनं तीस वर्षांत ते मध्येच ठेवलं होतं. वरच्या आणि खालच्या जागेत धूळ साचून घट्ट झाली होती. आता मानेकडची कॉइल गेल्यावर मध्येही एकटी बुडाकडचीच वाजायची, आणि ती काही त्याला ओळखीची वाटेना. इकडं थोरल्या भावाच्या लेकीनं, अपेक्षानं, सासरच्यांना सांगून टाकलेलं, आमच्याकडं डीजे नको, हळदीला काका वाजवतील. पत्रिका वाटून झाल्या होत्या.

मेहमुदाभाबीचं वाइंडिंगचं दुकान फाट्यावर, जुन्या हायवेला लागून. बाई तळेगावच्या एका कंपनीत अकरा वर्षं रिलेच्या, म्हणजे विजेच्या बारक्या स्विचच्या, कॉइली भरायला होती. केसापेक्षा बारीक तार, दिवसाला ठरलेला आकडा, सुपरवायझर मागं उभा. कंपनी दुसरीकडं गेली तेव्हा बाकीच्या बाया रडल्या. हिनं भंगारात निघालेलं वेढे मोजायचं मशिन मागून आणलं आणि शिवणयंत्राला जोडलं. आधी शेजाऱ्यांचे पंखे, मग मिक्सर, मग विहिरीतल्या मोटारी. मोटार भरून झाली की तिच्या अंगावर लाल रंगानं बाण काढते, मोटार कुठल्या बाजूला फिरणार त्याचा. पलीकडं शेतात नेऊन मोटार उलटी फिरली असा फोन आला तर भाबी स्वतः जाते. आजवर प्रत्येक वेळी खांबावरच्या वायरी कुणीतरी उलटसुलट केलेल्या निघाल्या आहेत. भाबीची कॉइल उलटी निघालेली नाही. हे ती कुणी विचारलं नाही तरी सांगते.

नवरा सरदार शाळेची व्हॅन चालवतो. सकाळची पोरं सोडली की दुकानात येऊन स्टुलावर बसतो. कामात हात घालत नाही, मत मात्र देतो.

तर भाबीनं मुकी कॉइल उलगडली. वेढे मोजत, कुठल्या बाजूनं गुंडाळली ते बघत. आठ हजारांच्या वर वेढे निघाले. सेहेचाळीस नंबरची तार तिच्याकडं एका डब्यात होती, कंपनीच्या वेळची. एप्रिल महिन्यातली दुपार, वर पत्रा, भिंतीला दुरुस्तीला आलेले अकरा पंखे टांगलेले, आणि त्यातला एकही चालू नाही. वाऱ्याची झुळूक लागली तरी ती तार तुटते. घामाचा थेंब तारेवर पडू नये म्हणून भाबीनं कपाळाला ओढणी बांधली, उजव्या हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या, आणि तार चिमटीत धरून पायानं यंत्र चालवलं. दोनदा तुटली. तिसऱ्या दिवशी पुरी झाली.

जोडायच्या आधी तिनं काट्याचा मीटर लावला. ही तिची रीत. कॉइलच्या लोखंडाला पेचकसाचं टोक टेकवलं की मीटरचा काटा जरासा उडतो. बुडाकडच्या कॉइलला टेकवलं, काटा उजवीकडं उडाला. मानेकडची पहिल्यासारखीच जोडून तिला टेकवलं, काटा डावीकडं.

“बघा,” ती सरदारला म्हणाली, “कुणी येड्यानं जोडली व्हती ही. एक हिकडं, एक तिकडं. दोन बैल एका गाडीला, एक पुढं वढतोय, दुसरा मागं. निम्मा आवाज एकमेकाला खात असणार.”

“आन् हे भाऊला कळलं न्हाई?”

“त्येला काय कळतंय. एकेकटी वाजली तर कळतच न्हाई. दोघी एका जागी आल्या की मंग कळतं.”

“जावांसारखं,” सरदार म्हणाला.

भाबीनं मानेकडच्या कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल केली, कथलाचा डाग दिला आणि सगळं बंद केलं. बजरंग आला, दुकानातच मशिन लावून वाजवलं. आवाज भरदार, गोल, ताज्या लोण्यासारखा. भाबी खूश. बजरंगनं दोन गाणी वाजवली, घट्ट झालेलं स्विच जोर लावून वर-खाली केलं, पुन्हा मध्ये आणलं, आणि फरशीकडं बघत म्हणाला, “झकास झालं, भाबी.” गिटार पिशवीत घालून गेला.

शुक्रवारी सकाळी तो पुन्हा दारात. पाठीला गिटार, हातात मिक्सर.

“मिक्सरला काय झालं, भाऊ?”

“आवाज येतोय.”

भाबीनं मिक्सर लावला, फिरवला, बंद केला. भांडं काढून खालचं कपलिंग बघितलं. पुन्हा फिरवला.

“ह्येला काय धाड झाली न्हाई. मिक्सरला आवाज येणारच.”

“येगळा येतोय जरा.”

“मिक्सरचा?”

बजरंगनं पाठीवरची पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“बसा,” भाबी म्हणाली. “आन् त्यो मिक्सर जाताना घिऊन जा, वैनी पाट्यावर वाटत बसल्या आसतील.”

मग एकेक निघालं. बुधवारी पार्टीची तालीम झाली. ढोल सुरू झाला आणि गिटार त्याच्यात बुडाली. मशिन मोठं केलं तर नुसतं घुमायला लागलं. ढोलवाला समर्थ, पंचविशीतला पोरगा, त्यानं वाजवणं थांबवून विचारलं, आबा, वायर लावली का?

“आवाज चांगला हाय, भाबी. वाईट न्हाई म्हणत मी. पावण्यासारखा हाय. घरात आलाय, पर कुटं बसंना.”

“भाऊ, आधीचं चुकीचं व्हतं. उलटं जोडलेलं. दावते तुमाला मीटरवर.”

“आसंल. मीच जोडल्यालं. बंगल्यावर डाग सुटला तवा मीच इस्तरी तापवून चिकटवलं व्हतं. कुटली कुटं लावायची मला काय म्हाईत.”

“मंग? चुकलं व्हतं ते मी सरळ केलं.”

“त्या चुकीवर तीस वर्सं लोकं नाचली, भाबी.”

स्टुलावरून सरदार म्हणाला, “आधीचंच बरं व्हतं. मी त्या दिवशीच म्हणणार व्हतो.”

“मंग म्हणला का न्हाई?”

“जेवाण व्हायचं व्हतं माजं.”

भाबी उठली. तिला राग आला की ती हत्यारं जागेवर लावते. पेचकस, पकड, कात्री, एका ओळीत. बजरंग उठून जावं की बसावं अशा पेचात. मग तिनं हात पुढं केला आणि गिटार मागितली.

पांढरं पान पुन्हा निघालं. मानेकडच्या कॉइलच्या दोन वायरी तिनं सोडवल्या आणि डाग न देता चिमट्यांनी धरल्या, म्हणजे पटकन बदलता येतील. सरदारच्या हातात वार्निशचा रिकामा पत्र्याचा डबा दिला.

“वाजवा.”

“मी?”

“ढोल समजून वाजवा. जोरात. भाऊ, तुमी तुमचं वाजवा. मशिन आत्ता हाय तेवढंच ठिवा.”

आणि ती हायवे ओलांडून पलीकडं गेली. रसवंतीच्या पुढं उभी राहिली. मधून ट्रक, टेम्पो, लोणावळ्याला निघालेल्या गाड्या. दुकानात सरदार डबा बडवतोय, बजरंग वाजवतोय. तिच्यापर्यंत डबा आला, ट्रक आले. गिटार आली नाही. बजरंगची बोटं हलताना दिसत होती, तेवढीच.

ती परत आली, चिमट्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा रस्ता ओलांडला. आता आवाज लहान झाला होता, जाडी सगळी गेली होती. पण डब्याच्या वरून, ट्रकच्या वरून, तो बारीक नाकातला आवाज सरळ रसवंतीपर्यंत आला. उसाच्या चरकावरची बाई मान वर करून म्हणाली, “इंदुरीवालं आलं का काय? कुणाची हळद?”

भाबी रस्ता ओलांडून परत आली.

“जाडा आवाज ढोलाचा हाय,” ती म्हणाली. “तुमाला त्यात जागाच न्हाई. तुमी जाडी सोडली म्हणून वर निघता.” हे ती बजरंगला कमी आणि स्वतःला जास्त सांगत होती.

पण हातून उलटं जोडायचं म्हणजे तिला अवघड. तिनं डब्यातून सहा पायांचं एक छोटं बटण काढलं. लेथ मशिनला पुढं-मागं फिरवायला असतं तसलं. म्हणाली, “हे बशिवते. वर केलं की सरळ, खाली केलं की उलटं. सरळ पण ऱ्हाईल, तुमचं पण ऱ्हाईल. रंगानं खूण करून दिते.”

बजरंगनं बटण हातात घेतलं, दोनदा खटखट केलं आणि परत दिलं.

“दोन नको, भाबी. आंगावर हळद उडतीया, पोरं खांद्यावर चढत्याती. मी बटन कुटं बघत बसू? चुकून वर गेलं तर समर्था पुन्हा वायर ईचारंल. मला एकच द्या. मधलं.”

“म्हंजे मी उलटंच डाग दिऊ.”

“व्हय.”

“माझ्या हातानं.”

“मंग मी इस्तरी आणतो घरून.”

सरदार हसला. भाबीला हसायचं नव्हतं, पण खालचा ओठ दाबावा लागला. तिनं डागणी तापायला लावली. तीन दिवस लागलेल्या कॉइलपेक्षा हे काम लहान, दोन डागांचं. तरी तिनं वेळ घेतला. जुना डाग पुसला, वायरीचं टोक खरडून चकचकीत केलं, उलट्या बाजूला लावून डाग दिला आणि फुंकर न घालता थंड होऊ दिला. ओढून बघितलं. मीटर लावला. काटा डावीकडं उडाला तेव्हा तिनं मान हलवली, जशी बरोबर निघालेल्या मोटारीला हलवते.

पांढरं पान लावायच्या आधी ते पालथं करून तिनं काळ्या मार्करनं आतून लिहिलं. सरदारनं मान वाकडी करून वाचलं, “उलटी मुद्दाम हाय. कुणी सरळ करू नये. मेहमुदा, सोमाटणे.”

“नाव कशाला?” बजरंगनं विचारलं.

“उद्या तुमच्या मागारी कुणी हुशार खोलंल. मला शिव्या बसल्या न्हाई पायजेत.”

स्विचच्या वरच्या आणि खालच्या जागेत तिनं तेलाचा थेंब सोडला, पाच-सहा वेळा वरखाली करून मोकळं केलं आणि मध्ये आणून ठेवलं. बजरंगनं एकदा वाजवून बघितलं. या खेपेला तो फरशीकडं बघत नव्हता. डोळे मिटून वाजवत होता, आणि मध्येच थांबून म्हणाला, “ह्येच,” आणि पुन्हा सुरू झाला. गाणं पुरं झालं तेव्हा रसवंतीवरची बाई रस्त्याच्या कडेला येऊन उभी होती.

“रविवारी दोघं या. हळद लावायला, नुसतं जेवायला न्हाई,” बजरंग मिक्सर काखेत घेत म्हणाला.

“ह्यांना धाडते. मला सुदुंबऱ्याची मोटार द्यायचीय. दोन दिस झालं, त्यांचा ऊस पाण्यावाचून हाय.”

“आन् झाली तर?”

“झाली तर यीन. तुमी निघा आता, ऊन चढतंय.”

तो गेला. सरदार व्हॅनच्या किल्ल्या शोधायला लागला, शाळा सुटायची वेळ झाली होती. भाबीनं सुदुंबऱ्याच्या मोटारीची मोकळी बॉडी दोन पायांत घट्ट धरली. आत तारा भरायचे चोवीस स्लॉट, त्यातले नऊ भरून झाले होते. दहाव्यात कागद सरकवला, तारेचा जुडगा हातावर घेतला आणि बांबूच्या पट्टीनं एकेक तार आत सारायला लागली.